थापी टाकून दांडकें कां धरतां?

(फौजेंतून निवृत्त झालेल्या व होऊं घातलेल्या सॅपर बांधवांपुढें केलेलें भाषण)



येथें जमलेल्यांपैकीं बहुतेक सॅपर आहेत. कांहीं येत्या वर्षा-दोन वर्षांत घरीं येणार आहेत. आणि ज्यांचा मुलगा किंवा नवरा अजून सीमेवर आहे अशा मायबहिणीहि आल्या आहेत. सॅपर म्हणजे अर्धा शिपाई आणि अर्धा कारागीर. खडकीच्या बाँबे सॅपर्सच्या छावणींत पोरास कवायत व नेमबाजी शिकवून झाली म्हणजे त्याच्या हातीं थापी, रंधा, घण, नळाचा पाना किंवा विजेची तार देतात. कोणी गवंडी होतो, कोणी सुतार, कोणी लोहार, कोणी प्लंबर, कोणी इलेक्ट्रिशियन, कोणी नकाशे काढणारा, कोणी माती उपसणारें यंत्र चालवणारा. हें तुम्हांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे. मग आम्ही तें कां सांगतों? एवढ्याचसाठीं कीं, घरीं आल्यावर ही गोष्ट सर्वांच्या आधीं तुम्हीच विसरतां.

पुण्या-मुंबईच्या मोठमोठ्या इमारतींच्या फाटकांवर जाऊन पाहा. आमच्या ओळखीचा एक निवृत्त हवालदार पिंपरीकडच्या एका वसाहतीच्या फाटकावर बारा-बारा तास उभा असे. फौजेंत त्यानें उभा जन्म नळ आणि मोऱ्या बसवण्यांत घालवला होता. वसाहतीची सांडपाण्याची नळी दर पावसाळ्यांत तुंबे. बाहेरून माणूस येई, फरशी फोडी, पैसे घेऊन जाई. नळीचा उतार चुकला आहे हें हवालदाराच्या पहिल्याच आठवड्यांत ध्यानांत आलें होतें. त्यास कोणी विचारलें नाहीं आणि त्यानेंहि सांगितलें नाहीं. त्याचें काम गाड्यांचे नंबर लिहिण्याचें! राखणदारीचें काम हलकें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याच्यापाशीं दुसरें कांहीं नाहीं त्यानें तें अवश्य करावें. पण सरकारनें खर्च करून ज्यास कारागीर केलें, त्यानें हातांतली थापी टाकून दांडकें धरावें, हा तोटा त्याच्या एकट्याचा नव्हे.

याचें पहिलें कारण पैशाचें नाहीं, मानाचें आहे, हें आम्ही स्पष्ट बोलतों; कोणास राग आला तर येवो. गांवीं आलेला सुभेदार विटा रचूं लागला तर भाऊबंदच म्हणतात, "एवढी वर्षें फौजेंत राहून शेवटीं चिखलच कालवायचा होता काय?" हातानें काम करणाऱ्यास खालीं बसवायचें आणि त्या कामावर नुसता शेरा मारणाऱ्यास गादीवर बसवायचें, ही चाल ज्या देशांत शेंकडों वर्षें चालली, तेथें असलें बोलणें ऐकूं यावें यांत नवल नाहीं. पण ज्यांच्या वाडवडिलांनी तें सोसलें, त्यांच्याच लेकरांनी तें पुन्हां उच्चारावें, याचें आम्हांस वाईट वाटतें. जोतीराव फुल्यांनी पुण्यांत बांधकामाचे ठेके घेतले होते. दगड, चुना आणि मजुरी यांचा हिशेब त्यांस कमीपणाचा वाटला नाहीं. तो तुम्हांस कां वाटावा?

आणि फौजेंत तर हेंच काम मानाचें होतें. १९४८ च्या एप्रिलांत नौशहरा-राजौरी मार्गावर सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी सुरुंग काढून, आडवीं पाडलेलीं झाडें हटवून रणगाड्यांस वाट करून दिली, त्याबद्दल त्यांस परमवीरचक्र मिळालें. ते बाँबे सॅपर्सचेच, कारवारकडच्या चेंडिया गांवचे. मुंबईंत २९ सप्टेंबर २०१७ रोजीं तेव्हांच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन माणसें मेलीं. तेथें, करी रोडला आणि आंबिवलीला पादचाऱ्यांचे पूल लष्करी सॅपरांनीच उभारले व ते फेब्रुवारी २०१८ मध्यें खुले झाले. २०२४ च्या जुलैअखेर केरळांत वायनाडकडे दरडी कोसळून वस्त्या वाहून गेल्या, तेव्हां चूरलमला येथें १९० फुटांचा बेली पूल बांधला गेला. बांधणाऱ्या मद्रास सॅपर्सच्या तुकडींत मेजर सीता शेळके होत्या, आपल्या पारनेर तालुक्यांतील गांवची लेक. चिखलांत उभें राहून काम करणाऱ्या त्या बाईचा फोटो साऱ्या देशानें पाहिला. चिखल कालवण्यांत मान नाहीं असें म्हणणाऱ्या भाऊबंदांस तो फोटो दाखवावा.

आतां दुसरें कारण. तें खरें अडचणीचें आहे. फौजेंतलें बांधकाम आणि बाहेरचें बांधकाम एकाच हातानें होत असलें तरी त्यांचें गणित निराळें. बेली पुलाचा एक सांगाडा दहा फूट लांब, वजनानें अडीचशे किलोंच्या वर. सहा गडी तो उचलतात, दुसऱ्यास खुंट्या मारून जोडतात, आणि असा जोडलेला पूल एका तीरावरून रुळांवर पुढें ढकलीत पलीकडे नेतात. सामान मागणीपत्र दिलें कीं येतें. गडी हुकुमाचे. प्रश्न एकच असतो : सकाळपर्यंत होईल काय? बाहेर तिघे जण तीन प्रश्न विचारतात. किती पडेल? किती वर्षें टिकेल? आणि बिल कोण मंजूर करील? तिकडे घाई हा गुण होता. इकडे ओतलेल्या स्लॅबवर निदान सात दिवस, मिश्र सिमेंट असेल तर दहा दिवस, पाणी मारीत बसावें लागतें, आणि त्या दिवसांची मजुरी तुमच्याच खिशांतून जाते.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, हात शिकला आहे, आतां लेखणी शिकवा. सरकारी कामाची दरसूची विकत आणा किंवा संगणकावर पाहा, आणि आपल्या गांवची एखादी खोली, एखादी मोरी, एखादा बंधारा घेऊन त्याचें अंदाजपत्रक स्वतः मांडा. पायाच्या खोदाईचे घनमीटर किती, विटा किती, सिमेंटच्या गोण्या किती, वाया किती जाईल. पहिल्यांदा चुकेल, तिसऱ्यांदा बरोबर येईल. मोजमाप पुस्तिका कशी भरतात तें पाहा. सरकारी बांधकामांत जें त्या पुस्तिकेंत चढलें नाहीं तें केलेंच नाहीं, असें समजतात. पुष्कळ चांगले कारागीर ठेकेदार झाले आणि बुडाले ते वीट वांकडी बसली म्हणून नव्हे, तर मोजणीच्या दिवशीं जागेवर नव्हते म्हणून. अनामत रक्कम अडकते, बिल महिनोन् महिने निघत नाहीं, मजुराला मात्र शनिवारीं पैसे द्यावे लागतात. हाताशीं दोन-तीन महिन्यांची मजुरी असल्यावांचून ठेक्याच्या वाटेस जाऊं नये. आधीं एखाद्या बऱ्या ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून वर्ष काढावें, त्यांत कमीपणा नाहीं.

कागदांचेंहि तसेंच. "मी फौजेंत वीज केली आहे" हें वाक्य विद्युत निरीक्षकाच्या कचेरींत चालत नाहीं. तेथें तारतंत्रीचा परवाना लागतो. नळाच्या कामाला शहरांत महापालिकेचा परवाना लागतो. यंत्रचालकानें आपला लष्करी परवाना वेळींच आर. टी. ओ.कडे नागरी करून घ्यावा. तुमचा फौजी धंदा आय. टी. आय.च्या कोणत्या दाखल्याशीं जुळतो हें रेकॉर्ड ऑफिसांत असतांनाच लिहून घ्या. एकदां घरीं आल्यावर त्या कागदासाठीं चार फेऱ्या पडतात. पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम निवृत्तीच्या आधीं असतात, त्यांत नांव घालतांना मित्रानें जो घेतला तोच घेऊं नका.

नोकरीच हवी असेल त्यांनी जाणावें कीं, केंद्र सरकारच्या 'क' वर्गाच्या सरळ भरतींत माजी सैनिकांस १० टक्के जागा राखीव असतात व आपल्या राज्य सरकारनेंहि तशा जागा ठेवल्या आहेत. लष्करी अभियंता सेवा आहे. १९६० सालीं निघालेली सीमा सडक संघटना आहे. तिच्या दलाचें केंद्र तर पुण्याजवळ दिघीलाच आहे आणि तिच्या जाहिरातींत गवंडी व यंत्रचालक हीं नांवें स्वच्छ छापलेलीं असतात.

कोणी म्हणेल, सरकारनें आमच्यासाठीं काय केलें? थोडा इतिहास सांगतों. दुसऱ्या महायुद्धांत हिंदी फौज २५ लाखांच्या घरांत गेली होती. ती सुटल्यावर एवढ्या माणसांचें करायचें काय, म्हणून जुलै १९४५ मध्यें पुनर्वसन व रोजगार यांचें स्वतंत्र खातें निघालें. रोजगार विनिमय केंद्रें आणि पुढें देशभर पसरलेलें आय. टी. आय.चें शिक्षण यांचें मूळ त्या खात्यांत आहे. म्हणजे हा दरवाजा मुळांत शिपायासाठीं बसवला गेला होता. आज त्याच दरवाज्यांतून आत जाण्यास माजी सैनिक लाजतो!

आतां तरुणांविषयीं. २०२२ सालच्या अग्निपथ योजनेनें गणितच पालटलें. पूर्वीचा सॅपर पंधरा-सतरा वर्षें राबून निवृत्तिवेतन घेऊन येत असे, तेव्हां धंदा नाहीं केला तरी घरांत चूल पेटे. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची. चारांतील फार तर एकास पुढें ठेवतात. बाकीचे निवृत्तिवेतनावांचून घरीं. पहिल्या तुकड्यांचें शिक्षण २०२३ च्या आरंभीं सुरू झालें. सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये हातीं येतात, आणि तेविसाव्या-चोविसाव्या वर्षीं तेवढी रक्कम हातीं पडली कीं सोयरे, दलाल व गाडीचे दुकानदार दारांत उभे राहतात. त्या पैशांत एक मोटार किंवा एक लग्न होतें. त्याच पैशांत वेल्डिंगचें यंत्र, कांक्रीट कालवणारें यंत्र, सेंट्रिंगचें सामान आणि चार महिन्यांची मजुरीहि होते. अशा मुलांनी एकट्यानें ठेका घेण्यापेक्षां गवंडी, सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन असे सात-आठ जण मिळून मंडळी करावी. मजूर सहकारी संस्थांस कामें देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मात्र एक सांभाळा. 'माजी सैनिक' हें तुमचें नांव पुढें करून ठेका मिळवायचा आणि नफा आपण न्यायचा, असे लोक भेटतील. सही करण्यापूर्वीं कागद घरीं आणून वाचा.

मायबहिणींनो, हा कागद तुम्हीहि वाचा. नवरा लडाखांत असतांना घर बांधून घेणारी, गवंड्याशीं घासाघीस करणारी, वाळूचा ट्रक मोजून उतरवणारी बाईच असते. त्याच्या मंडळीचा हिशेब ठेवण्यास परका कारकून कशास हवा?

तारतंत्रीच्या परवान्याचे अर्ज बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांनी डिस्चार्ज बुक बरोबर आणलें असेल त्यांनी थांबावें. येथेंच बसून भरूं.