मुलांच्या मनातील कारभारी
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आज या व्यासपीठावर आपल्या गुणवंत मुलामुलींचा सत्कार झाला. त्यांच्या यशाचा आनंद आपणां सर्वांप्रमाणे मलाही आहे. परंतु ज्यांचे नाव कोणत्याही यादीत येत नाही अशा मुलांविषयी याच प्रसंगी चार शब्द बोलावेत असे मला वाटते. दहावी-बारावीस उत्तम गुण मिळवून पुण्यामुंबईस शिकावयास गेलेली आणि पहिल्याच वर्षी अडखळलेली मुले आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची आहेत. ‘संगत वाईट लागली’ असे म्हणून आपण मोकळे होतो. क्वचित तसे असेलही. पण पुष्कळदा कारण निराळे असते. घरी असता त्याला उठवीत होती आई, त्याच्या वस्तू शोधून देत होती आई, आणि कोणता विषय केव्हा वाचावयाचा हे ठरवीत होते वडील किंवा शिकवणीचे गुरुजी. वसतिगृहात यांपैकी कोणीच नव्हते. बुद्धी मुलाबरोबर गेली. कारभारी मात्र घरीच राहिला.

कारभारी हा शब्द मी जाणूनबुजून योजिला आहे. मानसशास्त्रज्ञ मनाच्या एका शक्तीस कार्यकारी शक्ती म्हणतात. तिची तीन अंगे ते सांगतात. सांगितलेली गोष्ट ध्यानात धरून त्याप्रमाणे काम करणे हे पहिले. मोह झाला तरी मन आवरणे हे दुसरे. आणि परिस्थिती पालटली असता आपला बेत बदलणे हे तिसरे. कामाची आखणी करणे, वेळेवर आरंभ करणे आणि ते तडीस नेणे हे सर्व या तिहींवर उभे असते. कपाळामागे असलेल्या मेंदूच्या भागाशी या शक्तीचा निकट संबंध आहे, आणि तो भाग सर्वांत उशिरा, सुमारे पंचविशीपर्यंत, परिपक्व होत असतो. तेव्हा तेरा वर्षांचा मुलगा तीन कामे सांगितली असता एकच करून येतो, तो दर वेळी आळसाने किंवा उद्धटपणानेच तसे करतो असे समजणे न्यायाचे नव्हे.

मग हा कारभार मुले शिकतात कोठे? आपल्या या शहराचेच उदाहरण घ्या. पैठणच्या नाथसागरातून येणारे पाणी नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने येते, हा येथील घराघरांचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. पाण्याचा वार कोणता, आधी पिण्याचे भरावे की वापरायचे, टाकी किती दिवस पुरवावी, हे दहा वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असते. आई ठरविते ते ती पाहते, हाताखाली काम करते आणि एके दिवशी स्वतःच सर्व पाहू लागते. यासाठी कोणी तिला व्याख्यान दिलेले नसते. अभ्यासाचा कारभारही याच रीतीने शिकविता येतो.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. आपल्या घरांत हा कारभार बहुधा मुलीवर पडतो, आणि मुलगा मात्र पायमोजे कोठे आहेत हे आईला विचारीत राहतो. मुलीचा अभ्यासाचा वेळ जातो आणि मुलाचे वळण जाते. यात दोघांचेही नुकसान आहे.

‘अभ्यासाला बस’ ही आज्ञा आपण रोज देतो. पण ती पुरेशी नाही. परीक्षेस वीस दिवस आहेत आणि भूगोलाचे दहा धडे राहिले आहेत, अशा वेळी आरंभ कोठून करावा हेच मुलाला उमगत नाही. त्याच्याजवळ बसून विचारावे, ‘आज कोणता धडा? त्याला किती वेळ लागेल असे तुला वाटते?’ त्याने अर्धा तास म्हटले तर तसे लिहून ठेवावे आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ शेजारी लिहावा. तासभर लागला तरी रागावू नये. आठ-पंधरा दिवसांत त्याचा अंदाज आपोआप सुधारू लागतो. आखणी मनात न ठेवता भिंतीवरील दिनदर्शिकेवर मांडावी, म्हणजे स्मरणावरचा भार हलका होतो.

दुसरे, आरंभाची वेळ एखाद्या घटनेशी बांधून द्यावी. ‘संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की गणिताची वही उघडायची’ असा नेमका संकल्प ‘रोज अभ्यास करीन’ या मोघम संकल्पापेक्षा अधिक तडीस जातो, असे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखविले आहे. त्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा, घरातील वडीलधाऱ्यांचाही!

मन आवरण्याविषयी अमेरिकेतील वॉल्टर मिशेल यांचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. समोरचा खाऊ तत्काळ न खाता जे मूल थांबेल त्याला दुप्पट मिळत असे, आणि थांबणारी मुले पुढे अधिक यशस्वी होतात असे दीर्घकाळ मानले गेले. परंतु 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत घरची परिस्थिती हिशेबात धरताच हा संबंध बराच क्षीण झाला. तात्पर्य, एका प्रसंगावरून मुलाचे भवितव्य ठरवू नये. दिलेला शब्द ज्या घरात पाळला जातो तेथे मुलाला थांबण्यात अर्थ वाटतो. जेथे तो मोडला जातो तेथे हातचे खाऊन टाकणे हेच त्याला शहाणपणाचे वाटणार.

सर्वांत कठीण भाग शेवटचा. बांधकामाला परांची लागते. पण भिंत उभी राहिल्यावर ती उतरवावी लागते. जेरोम ब्रूनर आणि त्यांचे सहकारी यांनी 1976 साली मुलांना द्यावयाच्या साहाय्यास हीच उपमा दिली. पाचवीत आपण दप्तर मुलाबरोबर भरावे, सहावीत तो भरीत असता नुसते पाहावे, सातवीत पाहणेही सोडावे. एखादे दिवशी वही घरी राहील आणि त्याला बोलणी खावी लागतील. ती वही घेऊन शाळेत धावत जाण्याचा मोह आईवडिलांनी आवरावा. आपलेही मन येथे कसोटीस लागते.

मात्र एक सावधगिरी हवी. दीर्घकाळ प्रयत्न करूनही एखाद्या मुलाला वाचन, लेखन किंवा एकाग्रता जमतच नसेल, तर त्याला मारू नये. तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. विशिष्ट अध्ययन अक्षमतेला 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे, आणि अशा मुलांना मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्या घेण्यात कमीपणा मुळीच नाही.

शेवटी आपल्या संस्थेस एक विनंती. दर वर्षी जून महिन्यात बाहेरगावी शिकावयास निघालेली मुले आणि त्यांचे पालक यांची एक बैठक भरवावी. जी मुले आधी जाऊन आली, त्यांतही जी अडखळून पुन्हा उभी राहिली, त्यांना तेथे सन्मानाने बोलवावे. पैसे कसे पुरविले, दिवस कसा आखला, कोठे चुकले, हे त्यांच्याकडून ऐकण्यात नव्या मुलांचा मोठा लाभ आहे. गुणांचा गौरव आपण करतोच. त्याबरोबर स्वतःचे स्वतः पाहू शकणाऱ्या मुलाचाही करू या. आईबाप जन्माला पुरत नाहीत. लावलेले वळण पुरते.