गिरणगाव कुणाचं?



गिरणगाव आपलं, असं आपण छाती ठोकून सांगतो. पण आपण म्हणजे कोण? लालबाग-परळच्या चाळींत रत्नागिरीचा कोकणी आणि साताऱ्याचा घाटी. एका गाळ्यात कितीतरी गडी, पाळीपाळीनं झोपायचे, खानावळवाल्या बाईकडं महिन्याच्या उधारीवर जेवायचे. जरा भायखळ्याकडं सरका, की मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले मुसलमान विणकर. कामाठीपुऱ्याचं तर नावच तेलुगू कामाठ्यांवरून पडलं. या साऱ्यांना पहाटे उठवणारा भोंगा एकच.

भोंगा एक, पण खाती एक नव्हती. साचेखात्यात पगार जास्त. तिथं अस्पृश्य म्हटलेल्या भावाला साच्यावर उभं राहू देत नसत. का? तर नवी कांडी भरताना धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, आणि त्याच्या ओठाला लागलेला धोटा आम्हाला चालत नसे! कापसाची पूड मात्र साऱ्यांच्याच छातीत जायची. इथं नुसतं मालकाकडं बोट दाखवून आम्ही सुटणार नाही. ही आडकाठी आम्हीच घातली होती. परळच्या चाळीत राहणाऱ्या डॉ. आंबेडकरांना 1928 च्या संपात हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं मांडावा लागला. तो आधी आमच्या तोंडून निघायला हवा होता.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत साचेवाला होता, सूतखात्यातलाही होता. पुढं गिरण्या गेल्या, टॉवर आले. तेव्हा गिरणी कामगारांच्या घराचा अर्ज भरायला जाल, तर एकटे जाऊ नका. मदनपुऱ्यातल्या, कामाठीपुऱ्यातल्या, शेजारच्या चाळीतल्या भावाचे कागद पुरे आहेत का, तेही विचारा.