गावासाठी आशा निवडताना



गावातली आशाताईची जागा रिकामी होते. ग्रामसभेची दवंडी फिरते. शाळेच्या पडवीत दहा-वीस माणसे जमतात. कोणी एक जण नाव सुचवतो, दुसरा 'ठीक आहे' म्हणतो, आणि अर्ध्या तासात सभा उठते. बैलजोडी घ्यायची तर आपण चार बाजार हिंडतो, दात पाहतो, चालवून पाहतो. इथे मात्र ठरलेले असते ते असे की, उद्या आपल्या घरी बाळ जन्मले म्हणजे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी, आणि पुढे बेचाळिसाव्या दिवसापर्यंत, त्याचे वजन करायला, ताप पाहायला आणि आईची विचारपूस करायला कोण येणार! आज मला बोलायचे आहे ते या निवडीबद्दल.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत या निवडीला फार मोल आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला, रस्ते झाले, दवाखाने झाले, हे खरेच. पण एटापल्ली-भामरागडकडच्या एखाद्या टोल्यावर आषाढातल्या रात्री बाळ दूध ओढेनासे झाले, आणि वाटेतल्या नाल्याला पूर असला, तर डॉक्टर दहा कोसांवर असला काय आणि शंभर कोसांवर असला काय, सारखेच. ती पहिली घटका गावातल्याच कोणाच्या तरी हाती असते.

ते हात किती शिकलेले असावे लागतात? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्याने जगाला दिलेले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. १९९५ पासून तिने ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्यासाठी निवडलेल्या बायका त्याच गावच्या रहिवासी होत्या, आणि त्यांचे शिक्षण पाचवी ते दहावीपर्यंतचे होते. त्यांना बाळ कोरडे करून उबेत ठेवणे, वजन करणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे हे शिकवले. इतकेच नव्हे, तर जंतुदोष ओळखून औषध आणि इंजेक्शन देणेही शिकवले. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी ठेवलेल्या ४७ गावांशी ताडून पाहता, नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले आढळले. जंतुदोष झालेल्या शंभर बाळांपैकी आधी सुमारे सतरा दगावत असत. या बायकांनी उपचार सुरू केल्यावर ते प्रमाण तिनाच्या आत आले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा वृत्तांत छापून आला. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने आशांमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचे ठरवले, त्याच्या मुळाशी हा अनुभव होता.

आता कोणी म्हणेल, म्हणजे शिक्षणाला किंमतच नाही! तसे नव्हे. औषधाची मात्रा चुकली तर बाळ दगावते. नोंद लिहिता आली नाही तर काल काय दिले ते आज कळत नाही. शिक्षण हा उंबरठा आहे, तो ओलांडलाच पाहिजे. पण ओलांडल्यावर कोण किती पुढे गेली याची स्पर्धा लावू नये, एवढेच माझे म्हणणे. याच 'सर्च'ने त्याआधी न्यूमोनियाच्या कामात निरक्षर दाईंनाही सोबत घेतले होते. तान्ह्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक झाले तर धोका. पण ज्यांना साठपर्यंत मोजता येत नाही त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांची रांग असे साधन केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दाईला शाळेत बसवण्यापेक्षा हे किती सोपे! नीट नजर आणि सवय असलेल्या बाईला साधन देता येते. नजरच नसली तर कोणते साधन देणार?

सातासमुद्रापारचा अनुभवही याहून फार निराळा नाही. अमेरिकेत डॉक्टरांचा सहायक म्हणून तपासणी आणि उपचार करणारा एक वर्ग आहे. त्याचे पहिले शिक्षण १९६५ साली ड्यूक विद्यापीठात सुरू झाले, तेव्हा निवडलेले चौघे नौदलात रुग्णसेवा करून आलेले होते. आज तो पदव्युत्तर अभ्यासक्रम झाला आहे. तरीही तिथल्या पुष्कळ संस्था नुसते गुण पाहत नाहीत. प्रत्यक्ष रुग्णांजवळ किती तास काढले ते विचारतात, ओळखीच्या जाणत्यांची पत्रे मागवतात आणि समोर बसवून बोलतात. रोग्याचा ओक ज्याने कधी पुसलेला नाही, त्याला आत घेताना तेही थबकतात.

आपल्याकडे निवड कशी बिघडते, तेही सांगायला हवे. १९७७ च्या २ ऑक्टोबरला देशात गावोगाव आरोग्य कार्यकर्ते नेमण्याची योजना निघाली. हजार वस्तीमागे एक माणूस, तीन महिन्यांचे शिक्षण, महिना पन्नास रुपये. निवड गावाने करायची होती. पण पुष्कळ ठिकाणी गाव म्हणजे गावातली वजनदार मंडळी, असा अर्थ झाला. निवडले गेले ते बहुतेक पुरुष. आता बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला कोण घेणार? औषधाची पेटी गावात आली, पण जिला तिची गरज होती तिच्या दारापर्यंत पोचली नाही. त्याच्या उलट जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून चालवलेल्या कामात, गावांनी निवडलेल्या बायकांत निरक्षर होत्या, दलित होत्या, आणि त्यांनी ते काम पेलून दाखवले.

२००५ साली आशा योजना आली तेव्हा हा धडा नियमांत उतरला. आशा ही बाईच असावी, त्याच गावची रहिवासी असावी, वय पंचवीस ते पंचेचाळीस. विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला पसंती, कारण कुमारिका लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते आणि तिचे शिक्षणही तिच्याबरोबर जाते. आठवीची अट होती, पण तेवढी शिकलेली कोणी नसेल तिथे ती सैल करण्याची सोय होती. आणि मुख्य म्हणजे गावात आधी चर्चा करून निदान तीन नावे काढावीत, त्यांतून ग्रामसभेने एक निवडावे, असे सांगितले होते. तीन नावे, बरं का! एकच नाव पुढे आले तर त्याला निवड कसे म्हणायचे? सरपंचांची सून असणे हा काही गुन्हा नव्हे. ती उत्तम काम करीलही. पण तिच्याशेजारी आणखी दोन नावे ठेवून पाहा.

मग त्या तिघींना काय विचाराल? रात्री दोन वाजता हाक आली तर उठाल काय, हे विचाराच. पण सासूला आणि नवऱ्यालाही विचारा, कारण कडी त्यांच्या हातात असते. आशाला पगार नाही, मोबदल्याचा काही भाग केलेल्या कामावर मिळतो, हे घरच्यांसमोर आधीच सांगा. पलीकडच्या टोल्यावर जाल का, तिथल्या घरचे पाणी प्याल का, हेही विचारा. हा प्रश्न सभेत जड जातो, म्हणूनच तो टाळू नये. आणि भाषा! माडिया बोलणाऱ्या बाळंतिणीला पोटात कुठे आणि कसे दुखते ते मराठीत सांगता येत नाही. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७० च्या दशकात हेमलकशाला राहू लागले, तेव्हा त्यांनाही माडिया शिकावी लागली. गावातलीच बाई घेतली तर ती भाषा आयतीच मिळते.

हात वर करून निकाल लावण्याची घाई नको. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावात सगळ्यांचे एकमत होईपर्यंत बोलत राहण्याची रीत आहे. वेळ लागतो, पण पाडले गेल्याचा सल कुणाच्या मनात राहत नाही. आशाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे. ज्यांनी तिच्याविरुद्ध हात वर केला, त्यांच्या घरचे बाळही तिला तपासायचे असते.

गुरुजींनो आणि बाईंनो, तुम्हाला एक खास काम आहे. सातवी-आठवीनंतर घरी बसलेल्या, पण वर्गात नीट वाचणाऱ्या आणि धाकट्या भावंडांना सांभाळून शाळेत येणाऱ्या मुली तुम्हाला ठाऊक असतात. त्यांतल्या काही जणी आज जवळपासच सासरी असतील. त्यांची नावे ग्रामसभेला सुचवा. पुढे शिकू इच्छिणाऱ्या मुलींना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखवा. २०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले, ते बहुतेक परिचर्येचे किंवा आयुर्वेदाचे पदवीधर. त्यांची निवड गावाच्या हाती नसते, पण त्या यादीत भामरागडची मुलगी असावी की नाही, हे पुष्कळसे तुमच्या विज्ञानाच्या तासावर ठरते.

तेंदूपत्त्याच्या दिवसांत निवडीची सभा ठेवू नका. बायका पहाटेच जंगलात गेलेल्या असतात. सभा झाली तर त्या मागे, खांबाआड बसतील आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढतील. त्यांतल्या जिच्या मांडीवर तान्हे मूल आहे, तिला आधी विचारा, "बाई, रात्री तू यांतल्या कोणाला हाक मारशील?"