मुक्त आज्ञावली आणि परवान्यांचा मेळ



फुकट वाटलेल्या वस्तूवरून भांडण कसे होईल, अशी शंका आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी अनेकांना आली असेल. संगणकाची आज्ञावली लिहायची, तिचा मूळ मजकूर जगापुढे उघडा ठेवायचा, आणि कोणीही तो घ्यावा, सुधारावा, पुढे द्यावा असे म्हणायचे. हिलाच मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. आपल्याकडचे कितीतरी तरुण अशा कामांत रात्री जागून भर घालतात. त्यांच्याबरोबर त्यांच्या आईवडिलांनीही ऐकावे असे थोडे आज सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम कायदा पाहू. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आज्ञावलीची गणना साहित्यकृतीत होते. कवितेवर जसा कवीचा, तसा आज्ञावलीवर तिच्या लेखकाचा हक्क; आणि तो लिहिताक्षणीच उत्पन्न होतो, नोंदणी करावी लागत नाही. म्हणून ज्या मजकुरासोबत परवाना नाही तो बेवारशी नव्हे. तो सर्वस्वी लेखकाचा. कुंपणाबाहेर लोंबणारा आंबा काही वाटसरूचा होत नाही!

परवाना असला तरी काम संपत नाही. समजा, गावात भंडारा आहे. एकाने तांदूळ दिले आणि सांगितले, 'ज्यात हे पडतील ते सारे अन्न याच अटीवर पुढे द्यावे. वर दुसरी अट चिकटवू नये.' दुसऱ्याने गूळ दिला आणि म्हटले, 'हवा तितका वाटा, पण भंडाऱ्याच्या जाहिरातीत माझे नाव छापा.' दोघेही उदार. पण गूळभात शिजत नाही, कारण गूळवाल्याची अट तांदूळवाल्याला चालत नाही. तांदूळवाला म्हणजे जीपीएल नावाचा परवाना, आणि गूळवाला म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाचा जुना बीएसडी परवाना. विद्यापीठाचे पाहून इतरांनीही आपापली नावे घातली. १९९७ मधील नेटबीएसडीच्या एका आवृत्तीत अशी ७५ वाक्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मोजली. विद्यापीठाने १९९९ मध्ये ती अट काढली, तेव्हा तो गूळ भातात चालू लागला. परवान्याच्या आवृत्तीनेही फरक पडतो. २००४ चा अपाचे परवाना जीपीएलच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळतो, १९९१ च्या दुसरीशी नाही, असे जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचेच मत आहे.

आता घडलेली एक गोष्ट. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने झेडएफएस ही संगणकातील माहिती साठवण्याची व्यवस्था २००५ मध्ये सीडीडीएल परवान्याखाली खुली केली. साठवलेली माहिती बिघडली आहे काय, हे ती पडताळून पाहते. मोठी नामी वस्तू. पण लिनक्स प्रणालीचा गाभा जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. ती म्हणते, सबंध कृती माझ्या अटींवर द्या. सीडीडीएल म्हणतो, या फायली माझ्याच अटींवर राहतील. पुढे २०१० मध्ये सन कंपनी ऑरॅकलने घेतली. २०१६ मध्ये उबुंटूवाल्या कॅनॉनिकलने झेडएफएस लिनक्ससोबत तयार स्वरूपात दिली. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने हा परवानाभंग आहे असे म्हटले, कॅनॉनिकलने नाही म्हटले. आणि २०२० मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सांगून टाकले की, ऑरॅकलच्या मुख्य कायदेसल्लागाराच्या किंवा लॅरी एलिसन यांच्या सहीचे पत्र आल्यावाचून आपण ती गाभ्यात घेणार नाही. ती बाहेरच राहिली.

'मग लिनक्सनेच परवाना बदलावा,' असे कोणी म्हणेल. तेथे हक्क एकाकडे नाहीत. ते हजारो लेखकांत विखुरलेले आहेत, आणि काही तर हयात नाहीत. ओपनएसएसएलने २०१७ मध्ये जुन्या लेखकांकडे संमती मागण्यास आरंभ केला. नव्या परवान्याची आवृत्ती निघाली २०२१ मध्ये.

एकदा आत गेलेला मजकूर उपटून काढणे असे जड असल्यामुळे चौकशी दारातच व्हावी लागते. लिनक्समध्ये २००४ पासून प्रत्येक भर घालणारा 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ आपल्या नावासह लिहितो. हा मजकूर या परवान्याखाली देण्याचा मला अधिकार आहे, असा तिचा अर्थ. आमच्या तरुणांना ती निव्वळ उपचार वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या कायद्याच्या १७ व्या कलमान्वये, नोकरीच्या ओघात लिहिलेल्या कृतीचा पहिला धनी, उलट करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. रात्री घरी बसून लिहिले एवढ्याने प्रश्न मिटतोच असे नाही. नेमणुकीच्या पत्रात काय कबूल केले आहे ते पाहावे लागते. ते पत्र बहुधा कपाटात तळाशी असते. ते काढून एकदा वाचावे, आणि शंका आली तर ती ओळ लिहिण्यापूर्वी वरिष्ठांकडून लेखी संमती मागून घ्यावी.