जुनी मोटार घेताना : नोंदणी, बोजा आणि अपघात यांचा पूर्वेतिहास



जुनी मोटार पाहावयास गेलेला गृहस्थ सामान्यतः तीन प्रश्न विचारतो. गाडी किती किलोमीटर चालली, लिटरला किती धावते आणि शेवटची किंमत काय. हे प्रश्न गैर नाहीत. परंतु त्यांची उत्तरे विकणाऱ्याच्या तोंडून मिळतात आणि त्यांची शहानिशा करणे अवघड असते. याउलट ज्या प्रश्नांची उत्तरे सरकारी दप्तरात, विमापत्रात आणि खुद्द गाडीच्या पत्र्यावर लिहिलेली असतात, ते मात्र विचारलेच जात नाहीत. ही मोटार कायद्याने कोणाची आहे, तिच्यावर कोणाचे कर्ज आहे, ती कोणत्या खटल्यात अडकली आहे काय, आणि ती स्वतः कधी मोडली वा बुडाली होती काय, हे ते प्रश्न होत. गोव्यात एक-चौदाचा उतारा आणि पलीकडे महाराष्ट्रात सात-बारा पाहिल्यावाचून जमिनीचा विसार कोणी देत नाही. तोच शहाणा माणूस चार-पाच लाखांची मोटार मात्र ‘डॉक्टरांची गाडी आहे, एका हाती चाललेली आहे’ एवढ्या शब्दावर घरी आणतो. बाजारातील सगळ्याच ‘डॉक्टरांच्या गाड्या’ खऱ्या मानल्या, तर आपल्याकडे रुग्णांपेक्षा डॉक्टर अधिक आहेत असे म्हणावे लागेल.

मालकीचा प्रश्न प्रथम घेणे योग्य, कारण त्यात घेणारा आणि देणारा असे दोघेही सापडतात. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेला एक निकाल या संदर्भात प्रत्येक वाहनमालकाने ध्यानी ठेवण्याजोगा आहे. एका गृहस्थाने आपली मोटार २००७ साली विकली. ताबा दिला, पैसे घेतले. परंतु नोंदणी त्याच्याच नावावर राहिली. पुढे ती मोटार एकाकडून दुसऱ्याकडे अशी आणखी काही हातांत फिरली आणि त्यांपैकी कोणीही नोंदणी बदलून घेतली नाही. २७ मे २००९ रोजी ती मागे घेतली जात असताना पायी जाणाऱ्या दोघांना तिची धडक बसली आणि त्यांतील एकाचा मृत्यू झाला. भरपाई कोणी द्यावयाची, असा वाद उभा राहिला. उच्च न्यायालयाने शेवटच्या खरेदीदारास जबाबदार धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि ज्याचे नाव नोंदवहीत आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, म्हणून भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे ठरविले. जखमी माणसाने किंवा मृताच्या वारसांनी विक्रीची साखळी धुंडाळीत दारोदार फिरावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही, हे त्यामागील सूत्र होते. विकून दोन वर्षे लोटलेल्या, डोळ्यांआड झालेल्या मोटारीने त्या पहिल्या मालकाला न्यायालयात उभे केले.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५० मध्ये याविषयीच्या मुदती स्पष्ट आहेत. विक्री राज्यातल्या राज्यात असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत, परराज्यात असेल तर ४५ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे. घेणाऱ्याने ३० दिवसांत आपले नाव लावून घेण्यासाठी अर्ज करावा. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० आहेत. बाजारात मात्र एक घातक प्रघात रूढ आहे. मालकाच्या सह्या असलेले हे नमुने कोरेच ठेवून गाडीबरोबर दिले जातात आणि गाडी जितक्या हातांतून जाईल तितक्या हातांतून तेही जातात. अशा कोऱ्या कागदांवर गाडी घेणाऱ्याने एक गोष्ट ओळखावी : समोर बसलेला माणूस नोंदणीकृत मालक नसून मधला कोणी तरी आहे, आणि त्याच्या आधी ती कोणी कोणी वापरली याची नोंद कोठेही नाही. नोंदणी प्रमाणपत्रावरील नाव, विकणाऱ्याचे ओळखपत्र आणि समोरची व्यक्ती ही तीन एकच आहेत, एवढी खात्री केली तरी निम्मे धोके टळतात. मालक हयात नसेल तर वारसाने आधी नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी आणि मगच विकावी.

दलालामार्फत व्यवहार होत असेल तर केंद्रीय नियमांत झालेला एक बदल माहीत असावा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्याला नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकृत प्रमाणपत्र घेण्याची तरतूद अमलात आली असून त्याची मुदत ५ वर्षे असते. मालकाने गाडी अशा विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची सूचना रीतसर नोंदविली गेली की ती विकली जाईपर्यंत तो विक्रेताच तिचा मानीव मालक ठरतो. विक्रेत्याकडे हे प्रमाणपत्र मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

सीमेलगतच्या प्रदेशात राहणाऱ्यांचा अनुभव थोडा निराळा असतो. पणजी, सावंतवाडी आणि बेळगाव येथील गाड्या एकाच बाजारात उभ्या राहतात. जीए, एमएच-०७ आणि केए-२२ या पाट्या शेजारी शेजारी दिसतात. परराज्यातील गाडी स्वस्त वाटते, परंतु तिच्या किमतीत कलम ४८ खालील ना हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, आणि नव्या राज्यातील कर धरलेला नसतो. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवायची तर तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. मूळ राज्यात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेला भाग परत मिळविण्याची तरतूद असली तरी ती खटपट नव्या मालकाच्या वाट्याला येते. दाखला हातात नसताना ‘तो मागाहून पाठवितो’ असे विकणारा म्हणू लागला, तर पैसेही मागाहूनच द्यावेत. दिल्लीकडील डिझेल गाड्यांबाबत आणखी सावधगिरी हवी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली तेथे १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर निर्बंध घातले, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. पुढे त्यांत फेरफार झाले असले तरी त्या काळात तेथील अनेक गाड्या स्वस्तात बाहेर पडल्या. अशी गाडी घेण्यात बेकायदेशीर काही नाही, मात्र खासगी वाहनाच्या नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपावयास किती अवधी उरला आहे, हे पाहूनच किंमत ठरवावी.

बोजाची तपासणी त्यामानाने सोपी आहे. कर्जावर घेतलेल्या गाडीच्या नोंदणीत कर्ज देणाऱ्या बँकेची अथवा वित्तसंस्थेची नोंद असते. बाजारात तिला ‘एचपी’ म्हणतात. कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र दाखवून अनेकदा घेणाऱ्याचे समाधान केले जाते. परंतु ते पत्र म्हणजे बोजा उतरल्याचा पुरावा नव्हे. नमुना ३५ दाखल होऊन नोंदवहीतील नोंद निघाली पाहिजे. तोवर नाव बदलत नाही. केंद्र सरकारच्या ‘वाहन’ संगणकीय दप्तरात वाहन क्रमांक घातल्यास नोंदणीची तारीख, वाहनाचा वर्ग, इंधन, विम्याची मुदत आणि बोजा यांविषयी माहिती मिळते. मालकाचे पूर्ण नाव तेथे दाखविले जात नाही, म्हणून मूळ प्रमाणपत्र पाहणे आवश्यकच. त्यावरील मालकीचा अनुक्रमांक वाचावा : ‘एका हाती’ म्हणविणाऱ्या गाडीच्या प्रमाणपत्रावर ३ हा आकडा असणे फारसे दुर्मीळ नाही. थकलेल्या दंडाची चलाने त्याच ठिकाणी पाहून घ्यावीत.

खटल्यात अडकलेल्या गाडीविषयी लोकांना फारच कमी माहिती असते. जीवितहानीच्या अपघातातील किंवा गुन्ह्यात वापरलेले वाहन पोलीस जप्त करतात. न्यायालय ते मालकाला सुपुर्दनाम्यावर परत देते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५१ खाली होत असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ खाली होते. न्यायालय मागेल तेव्हा वाहन हजर करण्याची हमी त्यात सामान्यतः दिलेली असते. असे वाहन न्यायालयाच्या परवानगीवाचून विकणे हा हमीचा भंग होय, आणि घेणाऱ्याच्या दारातून ते पुन्हा उचलले जाऊ शकते. गोवा आणि सिंधुदुर्ग यांच्या सीमेवर मद्याच्या चोरट्या वाहतुकीत पकडलेली वाहने हा याच जातीचा दुसरा प्रकार. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ खाली असे वाहन सरकारजमा होऊ शकते. म्हणून विकणाऱ्याकडून ‘वाहन कोणत्याही गुन्ह्यात वा दाव्यात गुंतलेले नाही’ असे लेखी घ्यावे आणि त्याच्या राहत्या भागातील पोलीस ठाण्यात चौकशी करावी. चोरीच्या वाहनांची देशभरची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे असते आणि वाहन चोरीचे म्हणून नोंदलेले नसल्याचा दाखला त्या विभागाच्या संकेतस्थळावरून काढता येतो.

गोव्यात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. पर्यटकांना स्वतः चालविण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. परवाना परत करून अशी गाडी खासगी वर्गात आणता येते. ते रीतसर आहे. परंतु पांढरी पाटी लावलेली मोटार आधी भाड्याची होती काय, हे वर्गबदलाच्या नोंदीवरूनच कळते. चार हंगामांत शेकडो अनोळखी हातांनी चालविलेल्या गाडीचे गिअर आणि क्लच घरगुती गाडीसारखे राहिलेले नसतात.

आता अपघातांचा इतिहास. गाडीचे सर्व अपघात एकत्र नोंदवून कोणाही खरेदीदाराला दाखविणारी एक वही आपल्याकडे नाही. मग ती माहिती निरनिराळ्या ठिकाणांहून वेचावी लागते, आणि त्यांत विमापत्राकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. स्वतःच्या नुकसानीचा दावा न करणाऱ्यास विम्याच्या हप्त्यात दरवर्षी वाढत जाणारी सवलत मिळते : २०, २५, ३५, ४५ आणि अखेर ५० टक्के. दावा झाला की ती शून्यावर येते. सहा वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या विमापत्रात ही सवलत शून्य किंवा २० टक्के दिसली, तर मधल्या काळात काय झाले, हे विचारणे खरेदीदाराचा हक्कच आहे. ही खूण अचूक मात्र नव्हे. सवलत व्यक्तीची असते, गाडीची नव्हे. मालकाने ती आपल्या आधीच्या गाडीवरून आणलेली असू शकते. सवलत राखून ठेवणारे जादा संरक्षणही विकत मिळते, आणि पदरच्या पैशाने केलेली दुरुस्ती विमा कंपनीला कळत नाही. म्हणून गाडी ज्या कार्यशाळेत जात असे तेथील दुरुस्तीच्या नोंदी आणि बिले मागावीत. बिले मुळीच नसणे हेही एक उत्तरच आहे.

दुरुस्तीचा खर्च विमापत्रात घोषित केलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर विमा कंपनी वाहन संपूर्ण हानीचे मानते आणि त्याचा सांगाडा विकला जातो. वाहन कायमचे निकामी झाले असेल तर मालकाने १४ दिवसांत तसे कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, असे कलम ५५ सांगते. ते अनेकदा होत नाही. मग सांगाड्याबरोबर त्याची कागदपत्रेही विकली जातात आणि ती त्याच रंगाच्या, त्याच बनावटीच्या चोरीच्या गाडीला चिकटविली जातात. कागद खरे, क्रमांक खरा, गाडी तेवढी निराळी. हे ओळखण्याचे साधन म्हणजे चेसीसवर कोरलेला १७ अक्षरांचा क्रमांक. त्यावर कागद ठेवून पेन्सिलीचा ठसा घ्यावा आणि प्रमाणपत्राशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहावा. या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे कधीच नसतात. ठशातील अक्षरे एका रेषेत नसणे, भोवतालचा पत्रा घासलेला वा नव्याने रंगविलेला असणे, ही चांगली चिन्हे नव्हेत. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला मूळचीच अतिसुरक्षित पाटी असते. तिच्यावरील लेसर क्रमांकही नोंदीशी जुळला पाहिजे.

पत्रा पाहावयाचा तो भर दिवसा आणि कोरडा असताना. बॉनेट व दरवाजांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट पान्याने फिरविलेले आहेत काय, दरवाजांचे रबरी बीडिंग ओढून पाहिल्यावर आतील कारखान्याची वेल्डिंगची ठिपके सारख्या अंतरावर आहेत काय, पुढचा एप्रन आणि पिलर सरळ आहेत काय, हे अनुभवी मिस्त्री दहा मिनिटांत सांगतो; त्याची मजुरी हा या व्यवहारातील सर्वांत स्वस्त विमा होय. काचांवरील उत्पादनाच्या खुणा ताडून पाहाव्यात. एकच काच निराळ्या वर्षाची असेल तर ती बदललेली आहे, आणि ती का बदलली, हा पुढचा प्रश्न. बंपर खरचटणे हा दोष नव्हे. पिलर किंवा चेसीस यांना धक्का लागलेला असेल तर मात्र किंमत कमी करून घेण्यापेक्षा ती गाडी सोडून देणे बरे.

पाण्यात बुडालेली गाडी अपघाती गाडीहून अधिक फसवी असते, कारण तिचा पत्रा निर्दोष असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूर, ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबाद, जुलै २०२१ मध्ये चिपळूण, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुरात वडोदरा, अशी मोठी पाणबुडी या भागाने पाहिली आहे. अशा गावच्या नोंदणीची गाडी पूर ओसरल्यानंतरच्या महिन्यांत दूरच्या बाजारात स्वस्तात उभी असेल, तर पट्टे पूर्ण ओढून त्यांच्या टोकाशी चिखलाची रेघ आहे काय ते पाहावे. आसनांचे रूळ, गालिच्याखालील पत्रा आणि वायरींच्या जोडांवरील हिरवा थर तपासावा. नवे गालिचे आणि जड सुगंध एकत्र असतील तर आत नाक खुपसून वास घ्यावा.

गाडी घेतल्यानंतर विमा विसरू नये. कलम १५७ नुसार त्रयस्थांच्या हानीचा विमा नव्या मालकाकडे आपोआप आलेला मानला जातो. तरी प्रमाणपत्रात बदल करून घेण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण असे आपोआप येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. जुन्या मालकाची सवलत त्याच्याकडेच राहते, म्हणून नव्या मालकाला हप्त्यातील फरक भरावा लागतो. पैसे धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावेत. ताबा देण्याघेण्याची पावती दोन प्रतींत करावी, आणि तीत तारखेबरोबर तासही लिहावा. सकाळी अकरा वाजता झालेल्या अपघाताचे आणि दुपारी तीन वाजता दिलेल्या ताब्याचे उत्तर एकाच माणसाने द्यावयाचे नसते.