बिब्बा, साबण आणि मुलांचे हात



सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल वा शिरपूर तालुक्यात नोकरी केलेल्या शिक्षकास ‘बिब्बा उतणे’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. बिब्ब्याचा चीक एकजण सहज हाताळतो. दुसऱ्याच्या अंगावर त्याच चिकाने फोड उठतात, तोंड सुजते. ‘ॲलर्जी’ हा शब्द 1906 साली व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी योजिला. त्यातील मर्म आपल्या ‘उतणे’ या क्रियापदात सामावलेलेच आहे.

याच बिब्ब्याने परीट कपड्यांवर खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर खाजरे चट्टे उठू लागले. साबणावर किंवा घामावर संशय घेणे सोपे होते. परंतु 1943 साली त्यांच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की, परिटाची खूण जेथे त्वचेस लागे तेथेच चट्टा उठे. दोष बिब्ब्याचा होता. चट्ट्याच्या जागेवरूनच तो उघडकीस आला.

शाळेतही पहिली चौकशी जागेचीच करावी. मध्यान्ह भोजनापूर्वी मुले साबणाने हात धुतात. एखाद्याच्या बोटांच्या बेचक्यांत लाली येते, सालपटे निघतात. लगेच ‘खरूज, खरूज’ अशी कुजबूज होते आणि ते मूल कोपऱ्यात बसविले जाते. खरूज संसर्गजन्य आहे, हे खरे. साबणाने उठलेला चट्टा मात्र शेजारच्या मुलास लागत नाही. दोन्ही बेचक्यांतच दिसतात, म्हणून गफलत होते. खाज रात्री फार वाढते काय, घरात आणखी कोणी खाजवते काय, हे मुलास हलकेच, चारचौघांत नव्हे, विचारावे. उत्तर होकारार्थी असल्यास खरजेचा संशय धरून घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. एकट्या मुलावरील उपचार व्यर्थ जातो.

उत्तर नकारार्थी असल्यास हातास काय काय लागते ते पाहावे. साबण क्षारधर्मी, त्वचा किंचित आम्लधर्मी. आपल्याकडील पुष्कळ विहिरींचे पाणी दुष्फेन. फेस येत नाही म्हणून मूल अधिक साबण चोळते आणि त्याचा साका बेचक्यांत राहतो. त्यात कोरडी हवा. अशी आग कोणाच्याही त्वचेची होऊ शकेल. खरी ॲलर्जी निराळी. ती सुगंध, रंग किंवा माल टिकविणारे द्रव्य यांच्या अल्पशा स्पर्शानेही उठते, पण बहुधा एक-दोन दिवसांनी. म्हणून आजच्या वस्तूस दोष देण्यापूर्वी परवाची आठवावी. लग्नसराईतील काळी मेंदी विशेष आठवावी. तीत पुष्कळदा केसांच्या कलपातील द्रव्य मिसळलेले असते व त्याने मुलींच्या तळहातांवर फोड येतात.

संशयित वस्तू बंद करणे हाच मुख्य उपचार. हात धुणे मात्र बंद करू नये. साबण थोडा व बिनवासाचा घ्यावा, बेचके भरपूर पाण्याने धुवावेत, हात टिपून किंचित ओलसर असतानाच खोबरेल लावावे. चुना, सोडा, रॉकेल यांचे प्रयोग नकोत. साबणाचा तुकडा दंडावर बांधून परीक्षा घेणेही नको. तशाने कोणाचीही त्वचा भाजेल. दुकानातील ‘खाजेची ट्यूब’ दोन दिवस गुण देते, परंतु तीत बहुधा स्टेरॉइड असते. त्याने त्वचा पातळ होते आणि नायटा असल्यास तो अधिकच पसरतो. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, असे केंद्र सरकारने 2018 साली ठरविले आहे.

चट्टा पिकला, ताप आला किंवा तोंड सुजले, तर मुलास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. श्वास लागत असेल, तर 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. एरवी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा त्यास हात दाखवावेत. तोवर त्या मुलाची वर्गातील जागा बदलू नये.