कॅनडातील प्रांतिक करसवलती आणि कुटुंबाची व्याख्या

(मुले कॅनडात स्थायिक झालेल्या पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मुलगा सहकुटुंब टोरांटोला जातो. वर्ष-सहा महिन्यांनी एके दिवशी दूरध्वनीवर सहज सांगतो, "आई, मुलांसाठी सरकारकडून पैसे जमा झाले." इकडे वडीलधारी माणसे क्षणभर गप्प होतात. धडधाकट, शिकल्यासवरल्या माणसाने सरकारपुढे हात का पसरावा, हा प्रश्न ओठांवर येतो. कष्टाने वर आलेल्या मराठी मध्यमवर्गीय मनाला हा संकोच वाटणे स्वाभाविक आहे आणि त्यामागचा स्वाभिमान मोलाचाही आहे. तथापि या प्रकरणात तो अस्थानी आहे. कॅनडातील ही रक्कम म्हणजे भिक्षा नव्हे. ती त्या देशाच्या करव्यवस्थेचाच एक भाग आहे. एका हाताने कर घ्यायचा आणि ज्याच्यावर त्याचा भार अधिक पडतो त्याला दुसऱ्या हाताने काही अंश परत द्यायचा, हे तिचे सूत्र होय. मात्र हा अंश मिळवण्यासाठी दरवर्षी सरकारपुढे आपल्या कुटुंबाचे खरे चित्र मांडावे लागते. हे चित्र मांडताना आपल्या माणसांचा दोन ठिकाणी घोळ होतो. एक, कुटुंब कोणाला म्हणायचे याबाबत. आणि दुसरा, भारतातील उत्पन्न सांगायचे की नाही याबाबत.

केंद्राचा कर, प्रांताचा कर

आपल्याकडे शेतीचे उत्पन्न सोडले तर प्राप्तिकर हा केंद्राचा विषय आहे. महाराष्ट्र शासन व्यवसाय कर घेते, पण प्राप्तिकर घेत नाही. कॅनडाची घडण वेगळी आहे. १८६७च्या राज्यघटनेच्या ९२व्या कलमाने प्रांतांना आपापल्या हद्दीत प्रत्यक्ष कर बसवण्याचा अधिकार दिला. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, केंद्राने तो करारान्वये तात्पुरता आपल्याकडे घेतला. पुढे क्वेबेकने १९५४ साली स्वतःचा प्राप्तिकर सुरू केला आणि १९६२ पासून इतर प्रांतांनीही वसुलीचे काम केंद्राकडे ठेवून आपापले कर आकारण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे आज ओंटारियो, अल्बर्टा किंवा ब्रिटिश कोलंबियातील रहिवासी एकच विवरणपत्र भरतो आणि त्यातच केंद्राचा व प्रांताचा हिशेब होतो. क्वेबेकमध्ये मात्र दोन विवरणपत्रे भरावी लागतात. एक केंद्राचे आणि दुसरे प्रांताच्या महसूल विभागाचे. माँट्रियलला गेलेल्या नवख्या माणसाने यांतले एकच भरले, तर त्याच्या प्रांतिक सवलतींचे दार बंद राहते.

कर प्रांताचा असल्यामुळे सवलतीही प्रांतागणिक बदलतात. अल्बर्टात प्रांतिक विक्रीकर नाही, म्हणून त्याची परतफेडही नाही. तेथे २०२० पासून मुले असलेल्या कुटुंबांसाठी स्वतंत्र बाल व कुटुंब लाभ आहे. ब्रिटिश कोलंबियाने २००८ साली कार्बन कर बसवला आणि त्याच्या जोडीला अल्पउत्पन्न कुटुंबांना हवामान सवलत दिली. एप्रिल २०२५मध्ये ग्राहकांवरील तो कर रद्द झाला आणि ती सवलतही संपली. त्याच प्रांतात २०२३ सालापासून भाडेकरूंना कमाल ४०० डॉलरची सवलत मिळू लागली. क्वेबेकमध्ये जुलै २०११ पासून 'सॉलिडॅरिटी' नावाची सवलत आहे. तिच्यातील घरखर्चाच्या भागासाठी भाडेकरूला घरमालकाकडून एक ठराविक पावती घ्यावी लागते. सारांश, शेजारच्या प्रांतातील मित्राला काय मिळाले यावरून आपला अंदाज बांधू नये.

सवलतीचे दोन प्रकार

सवलतींचे दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारची सवलत केवळ कर कमी करते. ओंटारियोत कमी वेतनाच्या कामगारांसाठी कमाल ८७५ डॉलरची एक सवलत आहे. एखाद्याचा प्रांतिक कर ३०० डॉलर असेल तर तो शून्यावर येतो. उरलेले ५७५ डॉलर हाती येत नाहीत. दुसऱ्या प्रकारात कर शून्य असला तरी रक्कम खात्यात जमा होते. ओंटारियोतील पाळणाघर-खर्चाची सवलत या प्रकारची आहे. २०१९ पासून सुरू झालेल्या या सवलतीत उत्पन्नानुसार पात्र खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते.

"उत्पन्नच नाही, मग विवरणपत्र कशाला?" हा भारतीय मनातला प्रश्न या दुसऱ्या प्रकारामुळे तेथे उलटा होतो. ज्याला उत्पन्न नाही त्यानेच ते आवर्जून भरले पाहिजे. आपल्याकडे शासकीय योजनेसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो; महाराष्ट्रातील २०२४च्या लाडकी बहीण योजनेचे उदाहरण ताजे आहे. कॅनडात एकदा नोंद झाली की पुढे बहुतांश लाभांसाठी वार्षिक विवरणपत्र हाच अर्ज असतो. ३० एप्रिलपर्यंत ते भरले की त्यावरून जुलैपासून पुढील जूनपर्यंतचे लाभ ठरतात. पती-पत्नींपैकी एकाने ते भरले नाही, तरी जुलैत रक्कम थांबते.

एका घराचा हिशेब

समजा, डोंबिवलीचे एक दांपत्य चार आणि नऊ वर्षांच्या दोन मुलांसह स्थायी निवासी म्हणून ब्रॅम्प्टनला गेले. जुलै २०२४ ते जून २०२५ या वर्षात केंद्राचा बाल लाभ सहा वर्षांखालील मुलासाठी कमाल ७,७८७ डॉलर आणि त्यावरील मुलासाठी कमाल ६,५७० डॉलर होता. त्याच्या जोडीनेच जमा होणारा ओंटारियोचा बाल लाभ प्रत्येक मुलामागे कमाल १,६८० डॉलर होता. दोन्ही मिळून वर्षाला १७,७१७ डॉलर होतात. उत्पन्न वाढत जाते तशी ही रक्कम उतरत जाते. पण नव्याने आलेल्या कुटुंबाचे आरंभीचे लाभ ठरवताना त्याचे आगमनापूर्वीचे उत्पन्न पाहिले जाते. भारतातील बारा लाखांचा पगार डॉलरमध्ये सुमारे वीस हजार होतो. म्हणून नोकरीची शाश्वती नसलेल्या पहिल्या काळातच हा आधार सर्वांत मोठा असू शकतो. विवरणपत्राची मुदत येण्याची वाट पाहत बसणारे कुटुंब नेमके हेच महिने हातचे घालवते. पोहोचताच बाल लाभाचा अर्ज करणे आवश्यक असते. तात्पुरत्या परवान्यावर आलेल्यांना मात्र त्यासाठी कॅनडात १८ महिने वास्तव्य पूर्ण करावे लागते.

याशिवाय 'ओंटारियो ट्रिलियम लाभ' आहे. विक्रीकर, मालमत्ता कर व ऊर्जाखर्च आणि प्रांताच्या उत्तर भागातील अधिकचा ऊर्जाखर्च अशा तीन सवलती जुलै २०१२ पासून त्यात एकत्र करून मासिक स्वरूपात दिल्या जाऊ लागल्या. घर भाड्याचे असले तरी मालमत्ता कराचा भार भाडेकरू सोसतोच, हे प्रांताने मान्य केले आहे. म्हणून भाड्याचा २० टक्के भाग मालमत्ता कर म्हणून धरला जातो. त्यासाठी विवरणपत्रासोबतचे जादा पत्रक भरावे लागते. ते राहून गेले तर विक्रीकराचा भाग मिळतो, पण घराचा भाग मिळत नाही. भाड्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात, कारण पडताळणीत त्या मागितल्या जातात.

कायद्याच्या नजरेतील कुटुंब

भारतीय प्राप्तिकर कायद्याने हिंदू अविभक्त कुटुंबाला स्वतंत्र करदाता मानले आहे. आपल्या मनातही कुटुंब म्हणजे आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत एका चुलीवर जेवणारी माणसे. कॅनडाच्या करकायद्याला असे एकत्र कुटुंब ठाऊक नाही. त्याच्या लेखी कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अज्ञान मुले. कर प्रत्येकाचा वेगळा, पण लाभ ठरवताना पती-पत्नीचे निव्वळ उत्पन्न एकत्र मोजले जाते.

याचा एक परिणाम फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मुलाने विधवा आईला स्थायी निवासी म्हणून नेले आणि ती त्याच्याच घरात राहते. मुलगा चांगला कमावतो, म्हणून आईला काही मिळणार नाही असे सारे गृहीत धरतात आणि तिचे विवरणपत्र भरलेच जात नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती माउली स्वतःच एक स्वतंत्र कुटुंब आहे! मुलाचे उत्पन्न तिच्या हिशेबात येत नाही. २०२४-२५ साली ओंटारियोच्या विक्रीकर सवलतीची कमाल रक्कम प्रौढामागे ३६० डॉलर होती. उत्पन्न नसलेल्या अशा मातेला ती पूर्ण मिळू शकत होती. केंद्राची विक्रीकर सवलत वेगळी. रक्कम लहान आहे. पण ज्या स्त्रीने आयुष्यभर आपल्या संसाराचा हिशेब स्वतः ठेवला, तिला परक्या देशात नातवाच्या वाढदिवसाची भेट आणण्यासाठी मुलापुढे हात पसरावा लागू नये, याचे मोल डॉलरमध्ये कसे करणार? तिच्या नावाचे बँक खाते आणि तिच्या नावाचे विवरणपत्र ही तिच्या स्वाभिमानाची साधने आहेत. घरात राहणाऱ्या १९ वर्षांवरील मुलामुलींनाही हेच लागू होते.

येथे दोन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. घर-संसार भारतात ठेवून केवळ भेटीच्या व्हिसावर जाणारे आई-वडील सामान्यतः तेथील करनिवासी ठरत नाहीत. त्यांनी या लाभांची अपेक्षा ठेवू नये. तसेच केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनासाठी सामान्यतः किमान दहा वर्षांचा निवास लागतो. उतारवयात कायमचे जाण्याचा निर्णय घेताना हे माहीत असावे.

मातेचे स्थान या व्यवस्थेत आणखी एका ठिकाणी ठळक आहे. आई-वडील एकत्र राहत असतील तर मुलांचे संगोपन प्रामुख्याने आई करते असे कायदा गृहीत धरतो आणि बाल लाभ तिच्या नावाने देतो. दुर्दैवाने पती-पत्नी विभक्त झाले, तर ९० दिवसांनंतर तिची बदललेली वैवाहिक स्थिती कळवता येते आणि पुढचा हिशेब तिच्या एकटीच्या उत्पन्नावर होतो. लोकलज्जेपोटी ही नोंद टाळणाऱ्या भगिनी संकटाच्या ऐन काळात हक्काच्या आधाराला मुकतात. तिला दोष न देता तो कागद भरायला मदत करणे, हे माहेरचे आणि समाजाचे काम आहे.

सत्याला पर्याय नाही

करनिवासी झाल्यावर जगभरातील उत्पन्न तेथे दाखवावे लागते. पुण्यातील सदनिकेचे भाडे, मुदतठेवीवरील व्याज, आईचे कुटुंब निवृत्तिवेतन हे सारे त्यात येते. पती पुण्यात किंवा दुबईत नोकरीला आणि पत्नी-मुले मिसिसॉगाला, अशा घरात पतीचेही उत्पन्न कळवावे लागते. स्वतःच्या राहत्या वापराची घरे सोडून परदेशातील मालमत्तेची खरेदी किंमत एक लाख कॅनेडियन डॉलरवर गेली, तर तिचेही वेगळे पत्रक आहे. "तिकडचे इकडे कोणाला कळते?" असे सांगणारे सल्लागार आपल्यातच भेटतात. भारतात भरलेल्या कराचे श्रेय देणारा दोन्ही देशांचा करार आहे. म्हणून सत्य सांगणाऱ्याला दुहेरी कराची भीती नको. लपवणाऱ्याला मात्र चुकीने मिळालेली रक्कम परत करावी लागते आणि खोटी माहिती जाणूनबुजून दिली असेल तर दंडही बसतो. ज्या समाजाने आपल्याला सामावून घेतले, त्याच्या तिजोरीतून खोटे सांगून काही घेणे हे आपल्या संस्कारांत बसत नाही. हक्काचा डॉलर सोडू नये आणि बिनहक्काचा एक सेंटही घेऊ नये.

सेवेचे एक क्षेत्र

अल्प उत्पन्न आणि साधा हिशेब असलेल्यांची विवरणपत्रे विनामूल्य भरून देणारा एक स्वयंसेवी उपक्रम कॅनडात १९७१ पासून चालू आहे. दर वसंतात मंदिरे, ग्रंथालये, सामाजिक केंद्रे अशा ठिकाणी त्याची शिबिरे भरतात. हिशेबाचे ज्ञान असलेले आपले असंख्य तरुण-तरुणी तिकडे आहेत. त्यांनी वर्षातील दोन शनिवार या कामाला दिले, तर नव्याने आलेला विद्यार्थी, एकटी माता आणि इंग्रजीला बिचकणारी आजी यांना मराठीत समजावून सांगणारे कोणी तरी भेटेल.

पुढच्या वेळी मुलाचा दूरध्वनी येईल तेव्हा पालकांनी संकोच न करता एवढेच विचारावे : सुनेचे विवरणपत्र भरले का, आजीचे भरले का, आणि इकडचे भाडे त्यात दाखवले का? या तिन्ही प्रश्नांना 'होय' असे उत्तर आले, तर त्या घरात येणारा प्रत्येक डॉलर ताठ मानेने आलेला असेल.